हिराताईंचा ओला पंचा

समोरच्या घरात आता दिवसभर पंखा फिरतो. नवे भाडेकरू आहेत, नवरा-बायको आणि दोन पोरं. बदलापूरच्या उकाड्यात त्यांनी पंखा लावायचा नाही तर काय करायचं? तरी त्या पंख्याची घरघर जिन्यात ऐकू आली की माझ्या हातातलं लाटणं थांबतं. त्या घरातला पंखा मी सहा वर्षांत दोनदाच फिरलेला पाहिला. त्यातल्या दुसऱ्या वेळी तो माझ्यामुळे फिरला.

ते घर हिराताई भोईरांचं. हिराताई मूळच्या इथल्याच, जांभूळ गावच्या. सगळा जन्म शहराच्या वाऱ्यात गेला तरी बोलणं गावचं ते गावचंच. बुटक्या, सावळ्या, चालणं भराभरा, आणि डोक्याला कायम घट्ट बांधलेला रुमाल. लग्नाच्या, बारशाच्या, साखरपुड्याच्या पत्रिकांसाठी त्या हाताने रंगवलेली कार्डं करायच्या. मजकूर पुढे उल्हासनगरला छापला जायचा. हिराताईंचं काम फक्त त्याखालच्या जमिनीचं. वेल, पानं, कोयऱ्या, ढगासारखे पसरलेले रंग. लोक पत्रिका हातात घेतात, नावं वाचतात, मुहूर्त बघतात आणि टेबलावर टाकतात. त्या अक्षरांखाली कुणीतरी श्वास रोखून बसलं होतं हे कुणाच्या मनातही येत नाही. माझ्याही आलं नसतं.

मी इथे राहायला आले त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी बेल वाजली. दारात ही बाई. तिने आधी माझ्याकडे बघितलं नाही, आधी वर छताकडे बघितलं. पंखा बंद आहे हे पाहून मग म्हणाली, "तू चपात्यांचं काम करतेस ना गो?"

मी अंबरनाथच्या कारखान्यांतल्या पोरांचे डबे करते. रोज दीडशे-दोनशे चपात्या. म्हटलं, "हो. हव्यात का?"

"नको. पीठ घेशील तवा दार लावत जा. तुझं पीठ माझ्या कार्डावर येतंय."

माझं डोकंच फिरलं. दोघींच्या मध्ये दोन दारं आणि एक अख्खा व्हरांडा. म्हटलं, "अहो ताई, पीठ काय पायांनी चालत येणार आहे तुमच्याकडे?"

"येतं," त्या शांतपणे म्हणाल्या. "दिसत नाय म्हंजे नाय, असं नसतं."

हे वाक्य मी पुढे इतक्या वेळा ऐकलं की झोपेत बडबडले असते. गॅसचा वास येत नाही म्हणजे गॅस बंद आहे असं नाही. लेकीचा फोन आला नाही म्हणजे ती सुखरूप आहे असं नाही. तीन जिने उतरून रस्त्यावर गेल्यावर कुलूप लावलंय का हे बघायला त्या परत वर येत, कुलूप ओढून बघत, खाली जात, आणि कधीकधी पुन्हा येत. बिल्डिंगमधली पोरं त्यांना काळजीमावशी म्हणायची. मी पोरांना दटावायची आणि घरात येऊन स्वतःच हसायची. काळजी करणाऱ्या माणसाची एक गंमत असते, लांबून बघणाऱ्याला ती नेहमी फुकटची वाटते.

त्यांचं काम बघायला लागले तेव्हा कळलं की काळजी कुठून येते. त्यांच्याकडे रंगाची भुकटी असायची, डब्या भरभरून. कोरडी असताना सगळ्या डब्या सारख्याच. काताच्या पुडीसारखी, मातकट, काही म्हणून जीव नसलेली. तिच्यावर पाण्याचा थेंब पडला की मात्र ती फुटायची. कुठे वांगी, कुठे मोरपंखी, कुठे शेंदरी, आणि एकाच कणातून दोन-दोन रंग धावत सुटायचे. डब्यांवर हिराताईंनी रंगांची नावं लिहिली नव्हती. करवंद, आमसूल, खेकडा, कैरी अशा चिठ्ठ्या होत्या. कार्ड टेबलावर ठेवायचं, वर साचा, म्हणजे नक्षी कापलेली पातळ फिल्म. टाल्कम पावडरच्या जुन्या डब्यातून चिमूटभर भुकटी झटकायची. न्हाव्याकडे असते तसल्या फवाऱ्याच्या बाटलीतून वरून पाण्याचे दोन फवारे.

"दोनच," त्या म्हणायच्या. "तिसरा मारला की चिखल."

मग साचा सरळ वर उचलायचा. तेवढा वेळ खोलीत कुणी बोलायचं नाही. त्यांचे ओठ आत ओढलेले, मानेची शीर ताठ. साचा नीट सुटला की श्वास सोडायच्या, आणि लगेच पुढच्या कार्डाची काळजी सुरू.

साचे एक्स-रेच्या जुन्या फिल्मचे असायचे. ओळखीच्या दवाखान्यातून आणायच्या, सोड्याच्या पाण्यात काळेपणा घालवायच्या आणि ब्लेडने नक्षी कापायच्या. एकच साचा तसाच काळसर होता, धुतलेला नव्हता. उजेडात धरला की वेलीच्या पानांच्या मागे माणसाच्या बरगड्या दिसायच्या. मी विचारलं, "हा धुतला नाहीत?"

"ह्यांच्या छातीचा आहे," त्या म्हणाल्या आणि साचा काढून घेतला.

त्यांचे यजमान अंबरनाथला एका रंगाच्या कारखान्यात भुकटी पिशव्यांत भरायच्या कामाला होते. घरी आले की खिशातला रुमाल निळा, कधी हिरवा. "मी रोज धुवायची," हिराताई म्हणाल्या. "धुतला की पांढरा व्हायचा. मना वाटायचं, गेलं सगळं." खोकला सुरू झाल्यावर तो एक्स-रे काढला, आणि त्यानंतर ते फार दिवस राहिले नाहीत. लेक प्राची तेव्हा शाळेत होती. मी बावळटासारखं विचारलं, की मग तुम्ही हेच काम का धरलंत? त्या म्हणाल्या, "दुसऱ्या कशाचं नाव तरी ठाऊक व्हतं का मना? रंगाचंच तेवढं ठाऊक."

म्हणून त्या घरात पंखा नव्हता, म्हणजे होता पण बंद. त्याच्या बटणावर पांढरी चिकटपट्टी आडवी-उभी लावलेली. खिडक्या बंद, फटींना ओल्या चिंध्या. एप्रिल-मे महिन्यात त्या घरात पाऊल टाकलं की भट्टीत आल्यासारखं व्हायचं. आणि होता तो राखणदार.

यजमानांचा एक जुना पंचा कापून त्यांनी त्याचे हातरुमालाएवढे तुकडे केले होते. काम संपलं की एक तुकडा ओला करून पालथ्या ताटावर पसरून खोलीच्या मधोमध ठेवायच्या आणि दार ओढून माझ्याकडे चहाला यायच्या. तासाभराने जाऊन बघायच्या. हवेत भुकटी राहिली असेल तर त्या ओल्या पंच्यावर ठिपके उमटलेले असायचे, वांगी, निळे, मोहरीएवढे. ठिपके दिसले की पुन्हा कोरड्या कुंच्याने सगळी खोली झाडायची, पुन्हा राखणदार. तो पांढरा राहिला तरच त्या रात्रीचा स्वयंपाक सुरू करायच्या. कित्येकदा मी म्हटलं, "ताई, पुरे आता, जेवा." त्या म्हणायच्या, "राखनदार अजून जेवू देत नाय."

त्यांची एक गोष्ट मी प्रत्येकाला सांगते. उल्हासनगर कॅम्प एकमधले किशनशेठ त्यांची कार्डं घ्यायचे. एकदा मी हिराताईंसोबत गठ्ठे उचलायला गेले होते. किशनशेठची पद्धत ठरलेली. अंगठ्याला जीभ लावायची, कुठल्याही कार्डावर दाबायचा आणि अंगठा उजेडात धरायचा. रंग अंगठ्याला आला तर माल परत. त्या दिवशी तीनशे कार्डांतल्या एकावर अंगठा दाबला आणि अगदी फिकट, नाही म्हटलं तरी चालेल असा निळा डाग आला. शेठ माणूस भला. म्हणाले, "छोडो हिराबाई, एकही तो है. चलता है."

"नाय चालत," हिराताई म्हणाल्या.

"अरे बाबा, पार्टी शाम को आ रही है! मैं बोल रहा हूँ ना चलता है!"

हिराताईंनी गठ्ठा सोडला, दुकानाच्या पायरीवर बसल्या आणि ओल्या फडक्याने एकेक कार्ड तपासायला लागल्या. गिऱ्हाईकं त्यांना ओलांडून आत जात होती. दोन तास मी उन्हात उभी. माझ्या डब्यांची वेळ गेली, मी मनातल्या मनात त्यांना काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. शेवटी तेच एक कार्ड खराब निघालं. दुसरं एकही नाही. ते त्यांनी पिशवीत टाकलं आणि मला म्हणाल्या, "आता चालतं."

प्राचीला दिवस गेले आणि हिराताईंच्या काळज्यांना एकच दिशा मिळाली. प्राची उल्हासनगरलाच दिलेली. नवरा शांत, सासूबाई नलिनीताई कोकणातल्या, स्वच्छतेला काटेकोर आणि बोलायला स्पष्ट. पहिलं बाळंतपण माहेरी, हे दोन्ही घरांत धरून चाललेलं. हिराताईंना त्याची इतकी आस होती की मला त्यांची भीती वाटायची. एकदा कैऱ्या चिरता चिरता म्हणाल्या, "माझ्या वेळी माझी आय नव्हती गो. पोटुशी होते तवाच गेली. माझं केलं सासरच्यांनीच, चांगलं केलं, पन माहेर ते माहेर. प्राचीचं मना माझ्या हातानी करायचंय. येवढं एक जालं की बस."

सातव्या महिन्यात डोहाळजेवण त्यांच्याच घरी झालं. त्या दिवशी त्यांनी सकाळी भुकटीच्या सगळ्या डब्या पिशव्यांत बांधून माळ्यावर टाकल्या, तीन वेळा राखणदार ठेवला, तो पांढरा निघाल्यावर पंख्याच्या बटणावरची पट्टी सोलून काढली आणि लेकीसाठी पंखा लावला. मी पहिल्यांदाच तो फिरताना पाहत होते. प्राची हिरव्या साडीत, फुलांच्या वाडीत, पंख्याखाली बसलेली. हिराताई ओटी भरता भरता दर दोन मिनिटांनी वर बघायच्या.

जेवणं झाल्यावर नलिनीताईंनी खिडकीच्या कठड्यावरून एक बोट फिरवलं आणि बोटाकडे बघितलं. मग म्हणाल्या, "विहीणबाई, राग मानू नका. पहिलं बाळंतपण माहेरी व्हावं असंच मलाही वाटतं. पण तान्ह्या बाळाच्या नाकातोंडात ही पावडर गेली तर? तुमच्या घरचं तर तुम्ही भोगलेलंच आहे."

प्राचीने मान खाली घातली. हिराताईंनी हात पुसले आणि म्हणाल्या, "महिनाभर आधी काम बंद करते. कन ठेवनार नाय घरात. पंचावर ठिपका दिसला तर मीच तुमाला सांगेन, पोरीला पाठवू नका म्हनून."

नलिनीताई म्हणाल्या, "मग माझं काही म्हणणं नाही." आणि खरंच नव्हतं. त्यांनी वर विड्याचं पान मागून घेतलं.

किशनशेठची एक शेवटची मागणी हातात होती. ती संपवायची आणि डब्या कायमच्या बांधायच्या, असं ठरलं. काम दोन दिवसांचं उरलं होतं, प्राचीला यायला साधारण चार आठवडे होते, तेव्हाची ही गोष्ट.

शुक्रवार होता. शुक्रवारी आमच्याकडे वीज जाते, दुरुस्तीच्या नावाखाली सकाळी जाते ती दुपारी येते, आणि तिच्यापाठोपाठ पंप बंद म्हणून पाणी. मी पहिल्या घाण्यातल्या दोन चपात्या नेहमीप्रमाणे हिराताईंकडे द्यायला गेले. दार नुसतं लोटलेलं. त्या बादली घेऊन घाईघाईने खाली पाण्याची चौकशी करायला गेल्या होत्या. खिडक्या बंद, आत अंधार. टेबलावर पाच डब्या उघड्या. मोठ्या पिशव्यांतली भुकटी त्यांनी झटकायच्या डब्यांत भरायला घेतली होती. मी चपात्या ओट्यावर ठेवायला म्हणून उजेडासाठी बटण दाबलं. काही लागलं नाही. वीज नाही हे मला ठाऊक होतं. तरी हात जातोच. आणि आपल्याकडे ते बटण कुणी परत बंद करत नाही. राहू दे, वीज आली की कळेल.

ते बटण दिव्याचं नव्हतं. डोहाळजेवणाच्या दिवशी सोललेली पट्टी परत लावायची राहून गेली होती.

त्या दिवशी वीज लवकर, अर्ध्या-पाऊण तासाने आली. माझ्या घरातला दिवा लागला आणि त्याच वेळी समोरून एक आवाज आला. मला आधी कळलंच नाही कशाचा. त्या घरातून तो आवाज येतच नसे. कळलं तेव्हा हातातला गोळा टाकून धावले. हिराताई जिन्यात होत्या, हातात रिकामी बादली. त्यांनीही तो ऐकला होता. दोघी एकदम दारात पोहोचलो. मी आत धावून बटण बंद केलं. पंखा पाचावर होता.

आणि खोली? खोली जशीच्या तशी. भिंती पांढऱ्या, फरशी कोरडी, कपाटावरचा गणपती जागच्या जागी. डब्यांमधली भुकटी मात्र निम्म्याहून खाली गेलेली. मी म्हटलं, "काही झालं नाही ताई, बघा, काही नाही."

त्यांनी मला बाहेर ओढलं. माझ्याच घरात येऊन कमरेला खोचलेला पंच्याचा एक तुकडा माठातल्या पाण्यात भिजवला, दारात उभं राहून हात लांब करून तो नुसता आत धरला. मी बोटं मोजत असते तर दहाही झाली नसती. पांढरा पंचा वांगी झाला, निळा झाला, मग दोन्ही मिसळून काळा झाला. हिराताई त्याच्याकडे बघत राहिल्या. त्यांनी आरडाओरड केली असती तर बरं झालं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, "पट्टी मी काढली व्हती. लावायची राहिली."

तीच गोष्ट त्यांनी सगळ्यांना सांगितली. प्राचीला, बिल्डिंगमधल्या बायकांना, किशनशेठला. पट्टी मी काढली, लावायची राहिली. मी प्रत्येक वेळी शेजारी उभी होते. बटण मी दाबलं हे सांगायला तीनदा तोंड उघडलं, आणि तीनदा चहाचं, उन्हाचं, पाण्याचं काहीतरी बोलले. मला स्वतःची लाज वाटते ती याची. बटण चुकून दाबलं, गप्प मात्र जाणूनबुजून राहिले.

त्यानंतरचे चार आठवडे मी डोळ्यांनी पाहिले नसते तर मला खोटे वाटले असते. त्या घराला पाणी लावायचं नव्हतं. ओलं फडकं फिरवलं की फरशी, भिंत, जे असेल ते रंगणार आणि भुकटी फटींत बसणार. सगळं कोरडंच काढायचं. कपडे, गाद्या, भांडी त्यांनी चादरींत गुंडाळून गच्चीवर नेली. भिंतींवरून कुंचा, मग मऊ फडकं, मग पुन्हा कुंचा. कोपऱ्यांतली आणि दारांच्या बिजागऱ्यांतली भुकटी निघेना तेव्हा मला सुचलं ते माझ्या धंद्यातलं. घट्ट कणकेचे गोळे करून दिले. गोळा भिंतीवर हलकेच दाबायचा आणि उचलायचा. कणीक भुकटी उचलते. तिच्यातल्या ओलीने ते गोळे रंगत जायचे, जांभळे, हिरवे, निळे. रोज परातभर. मी पहाटे उठून आधी त्यांच्यासाठी कणीक मळायची, मग डब्यांची. तेवढंच माझ्या हातात होतं.

मे महिना, खिडक्या बंद, पंखा नाही. हिराताई तोंडाला फडकं बांधून स्टुलावर चढलेल्या, आणि घाम मानेवरून उतरताना रंगीत होऊन उतरायचा. त्यांच्या पाठीवर ब्लाउजखाली वांगी ओघळ असायचे. त्यांना ते दिसायचे नाहीत, मला दिसायचे. रोज संध्याकाळी ताट पालथं घालून राखणदार ठेवला जायचा. पहिले दोन दिवस ठिपके मोजता येत नव्हते. मग चाळीसच्या आसपास. मग एकोणीस. एक दिवस सात, आणि दुसऱ्या दिवशी कपाट हलवलं म्हणून पुन्हा तीस. त्या दिवशी त्या जिन्यात बसल्या आणि रडल्या. मीही रडले, पण माझं कारण वेगळं होतं. मग अकरा. पाच. तीन. तीन. तीन.

"तीन ठिपके म्हणजे काहीच नाही," मी म्हणायची. "रस्त्यावर याहून जास्त धूळ असते. त्यात पोरं वाढतातच ना?"

"त्यांना ठाऊक नसतं गो. मना ठाऊक आहे."

प्राची यायच्या आदल्या दिवशी त्यांनी दुपारी राखणदार ठेवला आणि माझ्याकडे येऊन बसल्या. चहा निवून गेला तरी हात लावला नाही. तासाने आम्ही दोघी गेलो. त्यांनी तो तुकडा उचलून खिडकीपाशी नेला, पालथा केला, सुलटा केला. एका कोपऱ्यात एक ठिपका होता. खसखशीएवढा. निळा.

मी म्हटलं, "ताई, एक आहे हो. एकच. हा आधीचाच असेल, धुण्यात राहिलेला." मी खोटं बोलत होते आणि ते दोघींना कळत होतं. "नलिनीताईंना कुठे दिसणार आहे? काढून टाका तो तुकडा, दुसरा ठेवा."

हिराताईंनी फोन उचलला. मी त्यांच्याच बाजूचं बोलणं ऐकलं. "विहीनबाई, हिरा बोलतेय... नाय, तब्येत बरी आहे. पंचावर ठिपका आलाय... एक... हो, एकच." मग बराच वेळ त्या ऐकत राहिल्या. पलीकडून बहुधा समजूत घातली जात होती, कारण त्या सारखी मान हलवत होत्या. "तुमी म्हनताय ते खरं आहे. पन एक पन नको. तुमी ठेवून घ्या तिला." फोन ठेवला, पंच्याचा तो तुकडा घडी करून कमरेला खोचला आणि मला म्हणाल्या, "चहा गरम करून दे."

नऊ दिवसांनी सकाळी प्राचीच्या नवऱ्याचा फोन आला. उल्हासनगरच्या एका दवाखान्यात नेलंय म्हणून. हिराताई आधीच न्हाल्या होत्या; पुन्हा न्हाल्या, केस तीनदा धुतले, कोरी साडी नेसल्या. आणि व्याह्यांसमोर जायचं म्हणून, मी त्यांना ओळखते तेव्हापासून पहिल्यांदाच, डोक्याचा रुमाल काढून घरी ठेवला. मी डबे शेजारणीच्या गळ्यात घातले आणि सोबत रिक्षात बसले.

अंबरनाथ मागे पडलं. त्या सारखे तळहात उलटेसुलटे करून बघत होत्या. मला राहवेना. म्हटलं, "ताई, एक सांगायचंय. त्या शुक्रवारी..."

"बटन तू दाबलंस," त्या म्हणाल्या. रस्त्याकडेच बघत होत्या. "पिठाचं बोट व्हतं त्याच्यावर. पंखा बंद केलास तवा वरच्या बाजूला उमटलं असतं. ते खाली व्हतं, चालू करायच्या बाजूला."

मी वळून त्यांच्याकडे बघितलं. म्हटलं, "मग बोलला का नाहीत? इतके दिवस?"

"तू घाबरली असतीस. मग आली नसतीस कनीक घेऊन." त्यांनी तळहात पुन्हा उलटे केले. "घाबरायला मी एकटी पुरे आहे की."

आम्ही पोहोचलो तेव्हा मुलगी झालेली होती. प्राची दमलेली पण हसत होती. नलिनीताई उशाशी. हिराताई दारातच थांबल्या. व्हरांड्यातल्या बेसिनवर कोपरापर्यंत हात धुतले, कमरेचा पंच्याचा धुतलेला तुकडा काढून ओला केला, दोन्ही हातांवर, मनगटांवर, पदरावर दाबून उजेडात धरला. पांढरा. तरी पुन्हा केलं. पांढराच. मग आत आल्या आणि नलिनीताईंनी पांढऱ्या फडक्यात गुंडाळलेली नात त्यांच्या हातांवर ठेवली.

त्या खाली वाकल्या. दिवस उन्हाचा होता, आम्ही रिक्षातून आलो होतो. कानामागून, केसांच्या मुळातून घामाचा एक थेंब निघाला, गालावरून हनुवटीपर्यंत आला आणि फडक्यावर पडला. पांढऱ्या सुतावर निळा ठिपका फुटला आणि तांदळाएवढा पसरला.

तो सगळ्यांनी पाहिला. हिराताईंचा चेहरा मी विसरणार नाही. त्यांनी मुलीला झटकन अंगापासून लांब धरलं, "घ्या, घ्या हिला, मी सांगितलं व्हतं, घ्या," म्हणाल्या. प्राची उठू पाहत होती. नलिनीताईंनी मुलीला घेतलं. फडक्याचा तो कोपरा चिमटीत धरून बघितला, मुलीच्या अंगापासून बाहेरच्या बाजूला दुमडला, तिची मान, गाल, कान नीट तपासले. मी श्वास रोखून उभी होते, साचा उचलताना राहायची तशी.

"बाळावर नाही, कापडावर आहे," नलिनीताई म्हणाल्या. "आणि मघापासून मी तीट शोधत होते. गडबडीत काजळाची डबी घरीच राहिली. बरं झालं, आजीने लावली. बसा त्या खुर्चीवर आणि घ्या हिला नीट."

त्या बसल्या. मुलगी पुन्हा त्यांच्या मांडीवर आली.

पुढे सवा महिना त्या उल्हासनगरलाच राहिल्या. मग जावयाची बदली झाली, प्राचीची नोकरी सुरू झाली, मूल सांभाळायला त्या लेकीबरोबर लांब गेल्या आणि घर भाड्याने दिलं गेलं. किल्ल्या जावई देऊन गेला. त्याच्या हातून त्यांनी मला बरगड्यांचा साचा पाठवला, कोऱ्या पंच्यात गुंडाळून. फोन येतो कधीमधी, आणि पहिला प्रश्न गॅसचाच असतो.

मला त्या दिसतात मात्र त्या खुर्चीवरच्या. दवाखान्याची ती खोली लहान होती, आणि कुणीतरी खिडकी उघडी टाकली होती. हिराताई मांडीवरच्या मुलीकडे बघत होत्या, एक बोट तिच्या मुठीत अडकलेलं. छताला पंखा होता. तो पाचावर फिरत होता, फडक्याची टोकं हलत होती. आत आल्यापासून त्यांनी एकदाही वर बघितलं नव्हतं.